यंदा थोडा शेपू फुलू द्या : रब्बीतील बाळंतशेपा

परतीचा पाऊस ओसरला की भाजीच्या वाफ्यात शेपू पडतो. महिना-सव्वा महिन्यात उपटायचा, जुड्या बांधायच्या, बाजार गाठायचा. फुलावर आला की जून झाला म्हणून तो गुरांपुढे जातो. गाजर, ओवा, धने, बडीशेप यांच्याच कुळातले हे झाड. पण धन्यासाठी कोथिंबीर राखणारे आपण बियासाठी शेपू क्वचितच राखतो. बाळंतिणीला लागणारा बाळंतशेपा म्हणजे हेच बी. राजस्थान आणि गुजरातेत ते रब्बीचे नेहमीचे पीक आहे. आपल्याकडेही पाच-दहा गुंठे राखून पाहावे, असे मनापासून वाटते.

पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा, फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. उशीर झाला तर दाणे भरताना उन्हाचा चटका बसतो आणि मावा ही रस शोषणारी बारीक कीडही जास्त येते. मध्यम ते भारी, पण निचरा होणारी जमीन घ्या. पाणी साचून राहणाऱ्या चिबड रानात हे पीक घेऊ नका.

जात निवडण्याआधी घेणाऱ्याशी बोला. देशी आणि युरोपीय शेपूच्या तेलाचे घटक वेगळे असतात. युरोपीय प्रकारात कार्व्होन जास्त असते, देशी प्रकारात डिलापिओल असते, त्यामुळे तेल काढणारा नेमका प्रकार मागतो. अजमेरजवळच्या तबीजी येथील राष्ट्रीय बीजीय मसाले संशोधन केंद्राने अजमेर डिल-१ (युरोपीय) आणि अजमेर डिल-२ (देशी) हे वाण दिले आहेत. दोन्ही प्रकार शेजारी लावून त्याच रानातले बियाणे धरू नका. कीटकांमुळे त्यांचा संकर होतो.

भाजीसाठी शेपू दाट फेकतात, बियासाठी तसे चालत नाही. ४५ सेंटिमीटरवर ओळी धरा, बी दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. एकरी सुमारे दोन किलो, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम बियाणे पुरते. रोपे वीतभर झाली की दोन रोपांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करा. उपटलेली रोपे भाजी म्हणून विका. पिकाचे पहिले पैसे तिथेच येतात.

शेणखत चांगले कुजलेले द्या, नत्र मात्र माती परीक्षण पाहून बेताने. जादा युरियाने झाड कमरेच्या वर जाते, पोकळ देठ वाऱ्यात लोळतात. वारा असताना पाणी देणे टाळा. फुलोरा आणि दाणे भरण्याच्या वेळी मात्र ताण पडू देऊ नका.

खरे लक्ष फुलोऱ्याकडे द्यायचे. छत्रीसारख्या पिवळ्या तुऱ्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून बी धरायला मधमाश्या आणि माश्या हव्यातच. याच फुलांवर पिकावरच्या किडी खाणारे ढालकिडे आणि मित्रमाश्याही येतात, त्याचा फायदा शेजारच्या हरभऱ्याला, भाजीलाही होतो. अशा वेळी कीटकनाशकाचा एक चुकीचा फवारा पुढचे दाणेच घालवतो. ढगाळ हवेत मावा दिसू लागला तर कळ्या उमलण्यापूर्वीच संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. मावा एखाद्या झाडापुरताच असेल, तर तेवढे तुरे काढून नष्ट करा. भुरीसाठी (पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीचा रोग) पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घ्या, भर उन्हात फवारू नका.

सगळे तुरे एकदम पिकत नाहीत. मधला आधी, बाजूचे मागून. पहिल्या तुऱ्यांचे दाणे तपकिरी झाले की कापणी सुरू करा. सगळे वाळेपर्यंत थांबलात तर चांगले बी जमिनीवर सांडते. पहाटे दव असताना कापा, पेंढ्या ताडपत्रीवर सावलीत वाळवा, मग हलक्या हाताने बडवून पाखडा. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी मधल्या आणि पहिल्या फुटव्यांच्या तुऱ्यांचे दाणे वेगळे ठेवा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पेरून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे खाण्याच्या मालात कधीही मिसळू नका. हा माल बाळंतिणीच्या पोटात जातो. माल पूर्ण वाळवून कोरड्या पोत्यात भरा आणि पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. विक्रीला नेण्याआधी दोन-तीन काष्ठौषधीवाल्यांना नमुना दाखवून भाव विचारा.