ग्रीनलँडची कायाक हाताने करायची तर आधी काय काय जमवायचं

सगळ्यात आधी टेप घ्या आणि स्वतःला मोजा, प्लॅन वगैरे नंतर. ग्रीनलँडचे इनुइट (तिथले मूळ रहिवासी) शिकारी कायाक, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलेली अरुंद वल्ह्याची होडी, स्वतःच्या अंगाच्या मापानेच करायचे, साधारण हिशोब असा की लांबी तीन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) आणि रुंदी म्हणजे बसल्यावरची कंबरेखालची रुंदी अधिक दोन मुठी. तुमची वाव 170 सेंमी असेल तर बोट पाच मीटरच्या वर जाणार, म्हणजे सहा-सात मीटर सरळ जागा हवी, सांगाडा ठेवायला दोन घोड्या (लाकडी स्टँड) हव्यात आणि वरच्या मजल्यावर करणार असाल तर जिन्याच्या वळणावरून ती खाली उतरेल का हे प्लीज आत्ताच बघा.

मग लाकूड. तिकडे झाडं जवळपास नाहीतच, समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांवर काम चालायचं, आपल्याला निदान वखार तरी आहे, पण तिथे घाई करू नका, कारण बोटीची सगळी ताकद वरच्या दोन लांब पट्ट्यांत असते, त्या बिनगाठीच्या, सरळ रेषांच्या आणि हलक्या लाकडाच्या पाहिजेत. स्प्रूस, सिडार, नाहीतर निवडून घेतलेलं पाइन. सागवान नको, उगाच जड होतं.

फासळ्यांना, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या वाकवलेल्या पट्ट्यांना, मात्र वेगळं लाकूड, आणि खरी परीक्षा इथेच आहे. भट्टीत सुकवलेलं घेतलंत तर वाकवताना कटकन मोडणार, त्यामुळे ओलसर ओक किंवा अ‍ॅश बघा, बांबूच्या कामट्याही चालतात. वाफेची पेटी, जाड हातमोजे आणि मदतीला एक माणूस, कारण पेटीतून काढल्यावर वाकवायला काही सेकंदच मिळतात. गरजेपेक्षा बऱ्याच जास्त कापून ठेवा, मोडतातच.

खिळे-स्क्रूवर पैसे घालवू नका. पट्ट्या आणि फासळ्या मेणाच्या दोऱ्याने बांधायच्या, लाटेवर सांगाडा जरा लवला पाहिजे. रंधा, पटाशी, करवत आणि भरपूर क्लॅम्प, बास.

सांगाड्यावरचं सीलचं कातडं तिकडे बायका शिवायच्या, पाणी शिरू नये म्हणून टाका कातड्याच्या आरपार न नेता! आपण जाड नायलॉन किंवा कॅनव्हास घ्यायचं, दाभण घ्यायची, वरून पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा लेप. ते दमट हवेत लावलं की बुडबुडे धरतं, म्हणजे मुंबई-कोकणात पावसाळा सोडून, आणि मास्क लावूनच.

लाइफ जॅकेट तर हवंच, शिवाय पुढे-मागे कोंबायला हवेच्या पिशव्या, कारण आत आडभिंती नसतात, उलटली की पूर्ण भरते. त्या पहिल्या खरेदीतच घेऊन टाका.