रेड स्टार बेलग्रेड फॉलो करायचंय? मग हे असं करा

आपल्याकडे युरोपियन फुटबॉल म्हटलं की प्रीमियर लीग, ला लिगा आणि फार तर बायर्न, त्यापलीकडे कोणी जातच नाही. पण ज्यांना रात्री जागून तेच तेच आठ-दहा क्लब बघायचा कंटाळा आलाय त्यांनी एकदा बेलग्रेडकडे वळून बघा. सर्बियातला सगळ्यात मोठा क्लब, एकेकाळचा युरोपियन चॅम्पियन, आणि त्याची हिस्टरी अशी की नुसती ट्रॉफ्यांची यादी पाठ करून काही म्हणजे काही कळत नाही.

आधी नावाचं बघा. अ‍ॅपमध्ये नुसतं रेड स्टार टाकलं तर पॅरिसचा एक जुना क्लब पण येतो, तो पूर्ण वेगळा. बेलग्रेडवाल्यांचं स्वतःचं नाव आहे त्सर्वेना झ्वेझ्दा, चॅम्पियन्स लीगच्या ड्रॉमध्ये पण तेच दिसतं, आणि फॅन्स नुसतं झ्वेझ्दा म्हणतात. मी पण इथून पुढे तेच लिहितो.

आता इतिहास कुठून सुरू करायचा, तर स्थापनेपासून अजिबात नको, १९९१ पासून करा. आणि त्यातही फायनल आधी बघू नका प्लीज. २९ मे १९९१ ची युरोपियन कपची (म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगची) इटलीतल्या बारीमधली मार्सेविरुद्धची फायनल झ्वेझ्दाने जिंकली खरी, पण १२० मिनिटं शून्य-शून्य आणि मग पेनल्टी ५-३, बघताना डुलक्या येतात, कारण कोच ल्युप्को पेत्रोविचने टीमला अटॅक करूच दिला नाही. आधी सेमीफायनल शोधा. म्युनिकमध्ये बायर्नला २-१ हरवून आले, मग २४ एप्रिलला घरी मिहाइलोविचच्या फ्रीकिकवर पुढे गेले आणि दुसऱ्या हाफमध्ये चार-पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. म्हणजे दोन्ही मॅच मिळून ३-३, एक्स्ट्रा टाइम समोर दिसतोय. ९० व्या मिनिटाला मिहाइलोविचने डावीकडून क्रॉस टाकला, बायर्नच्या ऑगेनथालरने पाय घातला आणि बॉल उंच उडाला, मागे पळणाऱ्या गोलकीपर आउमानच्या हाताला लागून आत. त्यानंतर स्टेडियमचं जे झालं ते आवाज वाढवून बघा. हे बघितलं की मग फायनल लावा, म्हणजे पान्चेव शेवटची पेनल्टी मारायला चालत जातो तेव्हा तुम्ही पण टेन्शनमध्ये असाल.

त्या फायनलमध्ये एक गोष्ट लक्ष देऊन बघाच. द्रागान स्तोयकोविच, ज्याला सगळे पिक्सी म्हणतात, झ्वेझ्दाचा लाडका, पण त्या दिवशी मार्सेच्या जर्सीत. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी शेवटी त्याला मैदानात उतरवलं, पण आपल्या जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी मारायला तो तयार झाला नाही.

पुढचं काम, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, एक कागद घ्या आणि त्या टीममधल्या प्रत्येक नावापुढे तो कुठला ते लिहा. पान्चेव मॅसेडोनियाचा, नायदोस्की पण तिथलाच, साविचेविच मॉन्टेनेग्रोचा, प्रोसिनेच्की क्रोएशियन बापाचा आणि सर्ब आईचा, मिहाइलोविच क्रोएशियातल्या वुकोवारजवळच्या बोरोवोत वाढलेला, बेलोदेदिच तर रोमानियातून पळून आलेला सर्ब वंशाचा डिफेंडर जो १९८६ मध्ये स्तेआवाकडून हाच कप जिंकून बसला होता. म्हणजे तेव्हाचा सगळा युगोस्लाव्हिया एका टीममध्ये. आणि फायनलनंतर महिन्याभराच्या आत स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. हा कागद जपून ठेवा, कारण झ्वेझ्दाबद्दल काहीही वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तेव्हा देश कुठला होता. टायटल मोजताना तर हमखास गोंधळ होतो. युगोस्लाव्हियाचे वेगळे, सर्बिया-मॉन्टेनेग्रो काळातले वेगळे, आणि २००६ पासून सर्बियाचे वेगळे. आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा दिसला तर चूकच असेल असं नाही, मोजायची पद्धत वेगळी असते.

आता मागे जा. ४ मार्च १९४५, युद्ध अजून संपायचं होतं, तेव्हा अँटीफॅसिस्ट तरुणांच्या संघटनेने क्लब काढला. पण हवेतून नाही काढला, आधीचा एसके युगोस्लाव्हिया नावाचा क्लब नव्या सरकारने बंद केला आणि त्याचं मैदान, लाल-पांढरा रंग, बरेच प्लेयर सगळं इकडे आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्मीचा क्लब म्हणून पार्तिझान निघाला आणि दुश्मनी तिथूनच. दोघांची स्टेडियम एकमेकांपासून एक किलोमीटर पण लांब नाहीत! ह्या दोघांची पहिली डर्बी जानेवारी १९४७ ची, झ्वेझ्दा ४-३.

मधल्या वर्षांतल्या तीनच मॅच वाचा, बाकी नंतर. ५ फेब्रुवारी १९५८ ला बेलग्रेडमध्ये मँचेस्टर युनायटेडशी ३-३, दुसऱ्या दिवशी परतताना युनायटेडचं विमान म्युनिकला कोसळलं, म्हणजे त्यात गेलेल्या पोरांची ती शेवटची मॅच. मग १९७९ ची यूएफा कप फायनल, मोंशनग्लाडबाखकडून हरले. आणि तिसरी नोव्हेंबर १९८८ ची मिलानविरुद्धची, झ्वेझ्दा १-० ने पुढे आणि बेलग्रेडमध्ये असं धुकं उतरलं की रेफरीला मॅच थांबवावी लागली, दुसऱ्या दिवशी परत शून्यापासून खेळवली, १-१, आणि पेनल्टीवर मिलान पुढे गेलं. तोच मिलान त्या सीझनला चॅम्पियन झाला. जुन्या फॅन्सना हे अजून पचलेलं नाही, आणि खरं सांगू तर मला पण नाही.

१९९१ नंतरचं वाचताना मन घट्ट करा. डिसेंबरमध्ये टोकियोत कोलो-कोलोला ३-० हरवून जगज्जेते झाले, पण युद्धामुळे युरोपातल्या 'घरच्या' मॅच हंगेरी आणि बल्गेरियात खेळाव्या लागल्या, मग १९९२ मध्ये युगोस्लाव्हियावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि युरोपचं दारच बंद. प्रोसिनेच्की रेआल माद्रिदला, साविचेविच मिलानला, पान्चेव इंटरला, युगोविच सांपदोरियाला, सगळे पांगले. ह्यातलाच एक भाग वगळू नका म्हणून सांगतो, तो म्हणजे फॅन्सचा. देलिये हा त्यांचा ग्रुप, नॉर्थ स्टँडवाले, आवाज जबरदस्त. पण त्यांचं नेतृत्व करणारा अर्कान पुढे युद्धात स्वतःची निमलष्करी फौज घेऊन उतरला, आणि त्यात देलियेमधली पोरं होती. मे १९९० ला झाग्रेबमध्ये दिनामोविरुद्धची मॅच दंगलीमुळे झालीच नाही, तिथे पण हेच लोक समोर होते. नुसते फटाके आणि टिफोचे (स्टँडभर उलगडलेल्या चित्रांचे) व्हिडिओ बघून भारावून जाऊ नका, हे पण वाचा.

त्यानंतर बराच काळ पडतीचा, कर्ज, आणि २००८ ते २०१३ सलग सहा टायटल पार्तिझानची. मग गाडी रुळावर आली. २०१८ मध्ये साल्झबर्गला बाहेर काढून चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये, आणि ६ नोव्हेंबरला लिव्हरपूलला २-०, दोन्ही गोल पावकोवचे. ही मॅच सहज मिळते, बघून टाका. २०१७-१८ ते २०२४-२५ सलग आठ लीग टायटल.

फॉलो करायचं प्रॅक्टिकल गणित असं. घरची लीग जिंकणं आता त्यांना फार अवघड राहिलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक मॅच बघायची हौस दोन आठवड्यांत संपते. खरा थरार जुलै-ऑगस्टच्या चॅम्पियन्स लीग क्वालिफायरमध्ये असतो, तिथे दोन मॅचमध्ये अख्ख्या वर्षाचा पैसा ठरतो. मग डर्बी, मग युरोपातल्या रात्री. उन्हाळ्यात बेलग्रेड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तिकडच्या रात्री ९ च्या मॅचला हिवाळ्यात आपले दीड वाजतात. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर तुमचं तुम्ही बघा. डिसेंबरच्या शेवटापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत लीगला सुट्टी असते, तेव्हा रिझल्ट दिसत नाहीत म्हणून घाबरू नका.

प्रत्यक्ष जायचं असेल तर, आधी भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, १ जानेवारी २०२३ पासून लागतो, त्यामुळे आधी दूतावासाचे नियम बघा. स्टेडियमचं अधिकृत नाव राय्को मितिच, पण टॅक्सीवाल्याला माराकाना सांगा. १९७६ च्या युरो फायनलमधली पानेन्काची ती प्रसिद्ध, मधोमध हळूच टाकलेली पेनल्टी इथलीच. आत म्युझियम आहे, १९९१ चा कप तिथे बघायला मिळतो. तिकीट वेस्ट स्टँडचं घ्या, नॉर्थ देलियेंसाठी आणि साउथ पाहुण्या फॅन्ससाठी असतो. डर्बीच्या दिवशी रस्त्यावर लाल-पांढरं किंवा पार्तिझानचं काळं-पांढरं काहीच घालू नका, स्कार्फ बॅगेत ठेवा आणि सीटवर बसल्यावर काढा.