कॅटलेटच्या पद्धतीने लिनोकटमध्ये चेहरा कसा कोरावा

छापाचित्रकार एलिझाबेथ कॅटलेट १९४६ साली अमेरिकेतून मेक्सिकोला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. मेक्सिको सिटीतल्या ‘तायेर दे ग्राफिका पोप्युलार’ या सामुदायिक कार्यशाळेत त्या लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून घेतलेले छापे, करत. लिनोलियम स्वस्त, आणि छापे सामान्य माणसाच्या हाती पडावेत हा तिथला आग्रह. पण कॅटलेट शिल्पकारही होत्या. आफ्रिकेतली आणि प्राचीन मेक्सिकोतली शिल्पं त्यांनी मनापासून पाहिली होती, आणि ते त्यांच्या छाप्यांत दिसतं.

आधी त्यांचं ‘शेअरक्रॉपर’ हे लिनोकट नीट पाहा. बटाईने शेती करणारी बाई, रुंद गवती हॅट, जाकिटाला बटणाऐवजी सेफ्टी पिन. आपण तिच्याकडे खालून वर बघतो. गाल, जबडा, मान हे सगळं बारीक रेघांनीच घडलंय.

आता तुमचा चेहरा. एकाच बाजूने उजेड पडलेला फोटो घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने उतरवा, कागद उलटा करून लिनोवर घासा. छाप्यात चित्र पुन्हा सुलट होईल.

लिनो कडक असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, कोरणी लोण्यासारखी चालते. दुसरा हात कायम कोरणीच्या मागे. समोर ठेवलात तर बोट कापलंच म्हणून समजा.

खरी गंमत कोरण्यात आहे. नवशिके आधी चेहऱ्याची बाह्यरेषा कोरतात आणि चेहरा पापडासारखा सपाट होतो. तसं करू नका. कोरलेला भाग पांढरा राहतो, म्हणजे तुम्ही उजेड कोरताय. व्ही आकाराची कोरणी गालाच्या उंचवट्यावरून गोलाईने न्या, मूर्तीवरून हात फिरवावा तशी. उजेडाकडे रेघा दाट आणि रुंद, सावलीकडे विरळ. डोळ्यांना घाई नको, ते शेवटी.

काचेवर शाई पसरून रोलर फिरवा. बारीक चरचर आवाज आला की प्रमाण बरोबर. पचपच वाजली तर शाई जास्त, रेघा बुजणार. मग तोच रोलर कोरलेल्या लिनोवर फिरवा. त्यावर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत घासा, एक कोपरा उचलून डोकवा, फिका असेल तर पुन्हा घासा.

आणि सही लिनोवरच कोरणार असाल तर उलटी कोरा. माझी दोनदा चुकली, आता मी सरळ पेन्सिलने कागदावर करते.