पाव, अर्धा, पाऊण: कोठ्यातल्या गांधीलमाश्यांचा हिशेब

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी छातीठोक सांगितलं, "सख्ख्या भावंडांची निम्मी जनुकं सारखी असतात." परीक्षक हसले. "चिंपांझीशी तर आपली अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास जुळतात. मग तो भावापेक्षा जवळचा का?" मी गप्प.

प्राणिवर्तनाकडे वळणाऱ्यांनी ही गाठ आधी सोडवावी. प्राणी नातलगांसाठी झीज का सोसतात, याचं सूत्र जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं; त्यातलं नातं म्हणजे एकूण साम्य नव्हे. माझ्यातली जनुकाची एखादी प्रत, त्याच आईबापाकडून, भावाकडेही आली असण्याची शक्यता म्हणजे नातं. ती अर्धी. साऱ्या जातीत जे सारखंच आहे, ते या हिशेबात धरायचंच नाही.

'परोपकार' हा शब्दही दगा देतो. हेतू कोणी विचारत नाही. आपली पिल्लं किती घटली, नातलगाची किती वाढली, एवढंच मोजायचं. स्वतःच्या लेकराशी नातं अर्ध्याचं, भाच्याशी पावाचं. म्हणून स्वतःचं एक सोडून बहिणीची दोनाहून जास्त जगवली, तरच असं वर्तन पिढ्यान्पिढ्या टिकतं.

सुरुवात सातभाईंपासून करावी असं मलाही वाटलं होतं. एका घरट्यातल्या पिल्लांना पाचसहा जण भरवतात, बघायला मजा येते. पण सगळे दिसायला सारखे, आणि पायात कडी घालायची तर वनखात्याची परवानगी हवी. कोठ्यातल्या, म्हणजे गुरांच्या गोठ्यातल्या, गांधीलमाशीला फक्त आजीची लागते.

आमच्या टिनाखाली रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचं पोळं होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं अभ्यासलेली हीच जात. पहाटे गारव्यात माश्या सुस्त असतात, तेव्हा खराट्याच्या काडीने पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा. (दोनदा डसल्या. तिसऱ्यांदा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला.) मग बसायचं. मे महिन्यात टिन तापलं की माश्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर ठेवत, पंखांनी वारा घालत. आजी म्हणायची, "काहून वं, ढोरं सोडून माशा राखतं का?"

पुस्तकात पाऊण वाचून भुलू नका. नर बिनफलित अंड्यातून होतो, त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच, तो साऱ्या लेकींना जसाच्या तसा मिळतो; त्यामुळे सख्ख्या माशीबहिणींचं नातं पाऊण, लेकीहून जास्त, हे खरं. पण राणीने अनेक नरांशी समागम केला, किंवा राण्या बदलत गेल्या, की ते घसरतं. या जातीत तेच होतं. शिवाय धुऱ्यावरच्या उधईत (वाळवीत) नर-मादी दोन्ही दुहेरी गुणसूत्रांचे, तरीही कामकरी आहेतच. सूत्रात नात्याइतकंच फायद्याचं आणि किमतीचं वजन असतं, हे मला वाचून नाही, पोळ्यासमोर बसून पटलं. या जातीत कामकरी माशीही राणी होऊ शकते, म्हणजे नुसतं थांबण्यातही तिचा फायदा असू शकतो.

जुलैत आमची राणी दिसेनाशी झाली. पिवळा ठिपकावाली, एरवी मुकाट काम करणारी, त्याच दिवशी बाकीच्यांवर तुटून पडायला लागली. आठवडाभरात अंडी तीच घालत होती. वहीत मी फक्त 'पिवळी, ९.४०, लालला चावली' असं लिहिलं. 'रागावली' लिहू नका, राग मोजता येत नाही. पुढे संशोधनाच्या मुलाखतीत मार्कांपेक्षा त्या दोनशेपानी वहीवरच जास्त प्रश्न आले.

बैलपोळ्याच्या सणाच्या आदल्या दिवशी कोठा झाडताना बाबांनी धूर करून सगळं काढून टाकलं. आता घरी आधीच बजावून ठेवते.