जुन्या सागवानी आलमारीला नवा रंग देताना

आधी एकच ठरवा: या आलमारीला रंग द्यायचाच का? लाकडावर नुसतं पॉलिश असेल आणि वरच्या पट्टीवर कोरीव काम असेल तर रंगाच्या वाटेला जाऊ नका. त्या खाचांत ऑइल पेंट एकदा भरला की निघता निघत नाही. आधीच चार-पाच वेळा रंगवलेली, मधली एखादी फळी बदललेली, पाठीला प्लायवूड ठोकलेली आलमारी मात्र बिनधास्त रंगवा.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्याच्या उन्हात रंगाची वरची साय लगेच वाळते, खालचा थर ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. हिवाळ्यातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कापूस घरात येत असेल तर त्याचे तंतू हवेत तरंगत असतात आणि ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत, म्हणून कापसाच्या खोलीपासून लांब, ओसरीत काम करा. आणि संध्याकाळच्या आत सामान घरात घ्या, कारण दव पडलं की चकाकी मरते.

सामानाचा हिशेब असा. 6 फूट उंच, 3 फूट रुंद, दीड फूट खोल आलमारीची पाठ सोडून बाहेरची बाजू साधारण 40 चौरस फूट भरते. तिला अर्धा लिटर वुड प्रायमर आणि 1 लिटर इनॅमल रंग दोन हातांना (म्हणजे थरांना) पुरतो. सोबत टर्पेंटाइन, 100 ग्रॅम चपडी लाख (शेलॅक), अर्धा लिटर स्पिरिट, 2 इंची आणि 1 इंची ब्रश, आणि 80, 120, 220, 320 नंबरचे पॉलिश पेपर घ्या. त्यातले 80 आणि 320 वॉटरप्रूफ मागा.

कड्या, मुठी, बिजागऱ्या काढून टाका आणि कोणती कुठली ते पेन्सिलीने आतल्या बाजूला लिहा. चुलीचा धूर खाल्लेल्या आलमारीवर तेलकट काजळी असते, तिच्यावर काहीही टिकत नाही. अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून दोन दिवस सावलीत वाळू द्या.

आता पायांकडे बघा. पेचकसाच्या मुठीने पाय ठोका. पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज आत शिरला तर उधई लागली आहे. तेवढा भाग सुताराकडून कापून नवीन सागाचा तुकडा बसवून घ्या. पोखरलेल्या पायात लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरून रंग देणं म्हणजे नुसती झाकपाक, वर्षभरात पाय बसतो. शेतातलं उरलेलं कीटकनाशक लाकडावर कधीच ओतू नका, त्या आलमारीत कपडे आणि भांडी राहणार आहेत.

घासण्याआधी एक धोका नीट समजून घ्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नसावं हा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, दिव्याने जाळून तर मुळीच काढू नका. पाणी शिंपडत वॉटरप्रूफ पेपरने घासा, तोंडाला मास्क बांधा, लेकरांना आणि गरोदर बाईला तिथे येऊ देऊ नका. खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला चिखल-भुसा पिशवीत बांधून वेगळा टाका. शेणखताच्या खड्ड्यात टाकला तर तेच शिसं शेतात जाईल.

सगळा जुना रंग काढायची गरज नसते. पोपडे सुटलेत तिथे 80 नंबरने लाकडापर्यंत जा आणि कडा सपाट करा. जो रंग घट्ट धरून आहे तो फक्त निस्तेज होईपर्यंत घासा. हे पाण्याचं काम झालं की एक दिवस पुन्हा वाळू द्या, मग 120 ने कोरडा हात फिरवायचा तो फक्त उघड्या लाकडावर, रेषेच्या दिशेने. आडवा फिरवला तर ओरखडे रंगातून वर दिसतात. भेगांसाठी व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी) आणि डबल बॉइल्ड जवस तेल मळून पोळीच्या कणकेएवढी घट्ट लांबी करा. भिंतीची पुट्टी वापरू नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, पुट्टी तशी हलत नाही आणि तडकते. घाण्यावरचं कच्चं जवस तेलही चालत नाही, ते आठवडाभर चिकटच राहतं. तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून पाण्यात बुडवून ठेवा.

सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे उघड्या लाकडावर ऑइल पेंट दिवसेंदिवस वाळत नाही आणि फिक्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. यावर लाखच खरा उपाय आहे. चपडी स्पिरिटमध्ये घालून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा (लोखंडी डब्यात ती काळी पडते) आणि सकाळी फडक्यातून गाळा. उघडं लाकूड थिनरने पुसा, तो उडाला की लाखेचे दोन पातळ हात तासाभराच्या अंतराने द्या. हे करताना आसपास चूल, विडी काही नको. मग 220 ने हलकं घासून प्रायमर, त्यात दहावा भाग टर्पेंटाइन. रात्रभर वाळू द्या.

रंग निवडताना खोलीचा उजेड बघा. कवेलूच्या घरात खिडक्या लहान असतात. निळसर चुन्याच्या भिंतीपुढे गडद हिरवी आलमारी काळी दिसते, मोतिया किंवा फिकट हळदी रंग खुलतो. फार चकाकणाऱ्या रंगात जुन्या लाकडाचा प्रत्येक खड्डा दिसतो, त्यापेक्षा सॅटिन (मंद चकाकीचा) घ्या. पुठ्ठ्यावर लावून दिवसा आणि रात्री बल्बखाली, दोन्ही वेळा बघा.

दारं उतरवून आडवी ठेवा म्हणजे ओघळ येत नाहीत. आधी मधली पाटी, मग भोवतीची चौकट. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर थोडा दिसावा. दुसऱ्या दिवशी 320 चा ओला हात फिरवून पुसा आणि दुसरा हात द्या. दारांच्या कडांवर मात्र एकच हात, नाहीतर श्रावणात लाकूड फुगल्यावर दार अडकतं.

पायांचे तळवे विसरू नका. सारवलेल्या जमिनीची ओल तिथूनच वर चढते, म्हणून तिथे लाखेचे आणि रंगाचे दोन-दोन हात द्या आणि खाली फरशीचे तुकडे ठेवा. आठवडाभर दारं पूर्ण लावू नका, रंग रंगाला चिकटतो. आलमारी भिंतीपासून दोन इंच पुढे आणि कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवा.