ढेकणांचा बंदोबस्त: घरात फवारणी करून घेताना घ्यायची काळजी

पुण्यात ढेकूण घरात शिरण्याच्या वाटा बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत: जुन्या बाजारातून आणलेली कॉट, आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली गादी, वसतिगृहातून सुट्टीला घरी आलेली मुलाची बॅग. घराच्या स्वच्छतेशी त्यांचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे लाजेपोटी ही गोष्ट लपवू नये आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांना ती अवश्य सांगावी.

सर्वप्रथम खात्री करून घ्यावी. रात्री विजेरी घेऊन गादीची शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहावी. तिथे शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके दिसले आणि ओल्या कापडाने पुसताना ते तांबूस-तपकिरी होऊन फराटले, तर ती ढेकणांची विष्ठा समजावी. कॉटच्या सांध्यात आणि खिळ्यांच्या भोकांत सुमारे 1 मिलिमीटर लांबीची, तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी चिकटलेली असतात. झुरळांचा त्रास असेल, तर सहसा फवारणीची गरजच पडत नाही. ओट्याखाली व बिजागऱ्यांपाशी जेलचे ठिपके लावून घ्यावेत आणि त्यांच्या आसपास दुसरा कोणताही फवारा मारू नये, कारण मग झुरळे जेलकडे फिरकत नाहीत.

ढेकूण आहेत हे कळल्यावर दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. ते माणसाच्या मागोमाग तिथेही पोहोचतात. चादरी, अभ्रे आणि कपडे कॉटजवळच पिशवीत भरून तोंड बांधावे, मगच घरातून न्यावे आणि 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावे. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची आजीच्या काळची पद्धत आजही उपयोगी आहे. उन्हाविषयी मात्र गैरसमज आहे: एप्रिल-मे महिन्यांतही गादी गच्चीवर नुसती टाकल्यास ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि गादीच्या आतला भाग पुरेसा तापत नाही.

त्यानंतर फवारणी करणाऱ्याची निवड करावी. 1968च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना पाहण्यास मागावा, औषधाचे नाव विचारावे आणि बाटलीवरील लेबलाचा फोटो काढून ठेवावा. लेबलावरील चौकोनात लाल त्रिकोण असेल, तर ते औषध अत्यंत विषारी गटातले असते. दुसरी फेरी ठरलेल्या रकमेत धरली आहे का, हेही लिहून घ्यावे. नारायण पेठेत भाड्याने राहत असताना मी हे विचारले नव्हते. एका फवारणीत काम संपले असे सांगून माणूस निघून गेला आणि बाराव्या दिवशी मुलीच्या दंडावर चावल्याच्या गांध्यांची ओळ पुन्हा उमटली. फवारणीतून सहसा अंडी वाचतात आणि ती 6 ते 10 दिवसांत फुटतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. फवारणी आणि विषारी वायूची धुरी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या साठवणीतल्या धान्यासाठी असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा उपलब्ध नाही आणि या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. हा वायू दाराच्या फटीतून, नळाच्या पाइपाभोवतीच्या भोकातून, जुन्या वाड्यात तर लाकडी तक्तपोशीच्या फळ्यांमधूनही शेजारच्या बिऱ्हाडात पोहोचतो आणि तिथे झोपलेल्यांना त्याची कल्पनाही नसते. कोणी या गोळ्या खोलीत ठेवण्याचा सल्ला दिला, तर त्याला तिथेच थांबवावे, आणि शेजारी कोणी त्या ठेवल्याचे कळले, तर घरातल्या सर्वांना घेऊन ताबडतोब बाहेर पडावे.

फवारणीच्या दिवशी अन्न, पाण्याचे पिंप, देवघरातील भांडी आणि मुलांची खेळणी खोलीबाहेर काढावीत. माशांची टाकी शक्यतो दुसरीकडे हलवावी, कारण ढेकणांवर वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना मारक असतात. त्यांतली काही मांजरांनाही सोसत नाहीत. माणसांनी लेबलावर सांगितलेला वेळ पूर्ण होईपर्यंत बाहेर राहावे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांची त्या रात्रीची सोय नातेवाइकांकडेच करावी, हे माझे मत आहे. परतल्यावर सगळ्या खिडक्या उघडून पंखे लावावेत, ओटा साबणाने धुवावा, पण कॉटचे सांधे आणि भिंतीच्या कडा पुसू नयेत, कारण औषध तिथेच टिकायला हवे.

मळमळ, उलटी, डोकेदुखी किंवा छातीत आवळल्यासारखे वाटू लागले, तर ते बाहेरचे खाल्ल्यामुळे झाले असे समजून वेळ दवडू नये. मोकळ्या हवेत यावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लेबलाचा फोटो डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी फवारणी साधारण 12 ते 14 दिवसांनी, म्हणजे नवी पिल्ले बाहेर पडल्यानंतर आणि ती मोठी होऊन अंडी घालण्याआधी, करून घ्यावी. त्यानंतर कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि निदान दोन महिने दर आठवड्याला विजेरीच्या उजेडात शिवणी तपासाव्यात, कारण पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने जगू शकतो.