शोपेनहॉवर वाचायचा तर सुरुवात कुठून करावी

मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. शिक्षण डी. फार्म., तत्त्वज्ञान कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. तरी गेली बारा-तेरा वर्षं मी आर्थर शोपेनहॉवर हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ वाचतोय. ज्यांना तो वाचावासा वाटतो पण चार पानांत धाप लागते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी त्याच्याकडे वळलो ते आईच्या शेवटच्या वर्षात. आईचा हात कपापर्यंत पोचेपर्यंत चहा निवायचा. नातेवाईक प्रेमानं पुस्तकं आणून द्यायचे. मन प्रसन्न ठेवा, चांगलं बोला, चांगलं घडेल. ती वाचली की वाटायचं, म्हणजे आईचंच काहीतरी चुकलं असणार. त्याच सुमाराला पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत शोपेनहॉवरच्या निबंधांचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. एस.टी.त उघडलं. आयुष्यात दुःख आहे ते कुणाच्या चुकीमुळे नव्हे, ते आयुष्याच्या घडणीतच आहे, असं तो सरळ सांगत होता. साताऱ्यापर्यंत मी मान वर केली नाही.

तर पहिली गोष्ट. त्याच्या मोठ्या ग्रंथापासून सुरुवात करू नका. ‘इच्छा आणि कल्पना म्हणून जग’ हा ग्रंथ १८१८ च्या शेवटी बाहेर आला तेव्हा तो तिशीत होता, आणि कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. लोक त्याला वाचायला लागले ते १८५१ साली आलेल्या ‘पारेर्गा उंड पारालिपोमेना’ या दोन खंडांच्या निबंधसंग्रहापासून. मोबदला म्हणून त्याला पुस्तकाच्या दहा प्रती मिळाल्या होत्या. वय त्रेसष्ट. त्याचे स्वतःचे वाचक ज्या दारानं आत आले त्याच दारानं आपणही जावं. हॉलिंगडेल यांनी केलेली इंग्रजी निवड सोपी आहे. टी. बेली सॉन्डर्स यांची जुनी भाषांतरं गुटेनबर्ग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

‘पारेर्गा’च्या दुसऱ्या खंडातलं बारावं प्रकरण आधी घ्या, जगातल्या दुःखाबद्दलचं. पानं थोडी आहेत, पण एका बैठकीत संपवू नका. मी दुपारी अडीच ते चार गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा एकच कलम, म्हणजे आकडा घातलेला एक तुकडा, वाचायचो आणि उरलेला दिवस ते कलम काउंटरवर पारखून बघायचो. तुम्हीही तसंच करा. आपल्या कामात, आपल्या घरात ते खरं ठरतं का ते बघा, ठरलं नाही तर समासात तसं लिहून ठेवा.

उदाहरण देतो. त्या प्रकरणात तो म्हणतो की सबंध शरीराचं आरोग्य आपल्याला जाणवत नाही, जोडा जिथं चावतो तेवढी इवलीशी जागा जाणवते. म्हणून त्याच्या मते दुःख हीच जाणवणारी वस्तू, सुख म्हणजे ते काही काळ थांबणं. हे वाचलं त्या संध्याकाळी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. एक गुडघा, दोन दाढा, पोराचा ताप, नवऱ्याची शुगर. आज गुडघा दुखत नाही हे सांगायला सत्तावीस वर्षांत एकही माणूस माझ्या पायरीवर आलेला नाही. तुकोबांची ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वता एवढें’ ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आलोय, पण असं का, जवाएवढंच का, याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

त्याच प्रकरणाच्या शेवटाशी, १५६ व्या कलमात, पुस्तक मिटून पाच मिनिटं थांबावं असं एक वाक्य येतं. माणसांनी एकमेकांना ‘महाशय’ वगैरे म्हणण्याऐवजी ‘दुःखातल्या सोबत्या’ अशी हाक मारावी, असं तो सुचवतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या हाकेनं समोरचा माणूस खरा दिसतो आणि आपल्याला सहनशीलता, धीर, प्रेम यांची आठवण राहते, असं त्याचं म्हणणं. निराशावाद म्हटलं की हात-पाय गाळणं असा आपला समज असतो. इथं तो दुःखावरून थेट करुणेवर येतो. ‘अर्धीच स्ट्रिप द्या’ म्हणणाऱ्या माणसाकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. हा तत्त्वज्ञ दीडशेहून जास्त वर्षं टिकलाय तो माझ्या मते यामुळेच. तो दुखणं नाकारत नाही आणि दुखणाऱ्याला एकटंही सोडत नाही.

मग मोठ्या ग्रंथाकडे वळा, पण फक्त पहिल्या खंडाच्या चौथ्या भागातली ५६ ते ५९ ही कलमं. आयुष्य वेदना आणि कंटाळा यांच्यामध्ये लंबकासारखं हेलकावे खातं हे त्याचं प्रसिद्ध वाक्य ५७ व्या कलमात आहे. ‘इच्छा’ हा शब्द तिथं सारखा येईल. त्याचा अर्थ मला पाहिजे, तुला पाहिजे एवढाच घेऊ नका. बी फोडून वर येणारा कोंब, भूक, माशीनं काचेवर घेतलेली धडक, या सगळ्यामागची न थांबणारी आंधळी ओढ म्हणजे त्याची ‘इच्छा’. एवढं डोक्यात ठेवलं की वाक्यं उलगडतात.

इथं दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. त्याचा बायकांवरचा निबंध वाईट आहे, आणि ज्यू लोकांबद्दल त्यानं जे लिहिलंय त्यात उघड द्वेष आहे. ती पानं लपवू नका आणि त्यांचं समर्थनही करू नका. १८२१ साली बर्लिनमध्ये त्यानं दाराबाहेर बोलत उभ्या असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला ढकललं आणि कोर्टाच्या हुकमानं तिला ती मरेपर्यंत वर्षाला साठ थालर (तेव्हाचं तिथलं चांदीचं नाणं) द्यावे लागले. करुणेवर इतकं खोल लिहिणाऱ्याला ती प्रत्येक वेळी जमली नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. मन फार खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. शोपेनहॉवर आत्महत्येला पाप म्हणत नाही, पण तो सुटकेचा मार्ग आहे हेही त्याला मान्य नाही. आणि ही गोष्ट पुस्तकातून सोडवायची नाही, माणसाशी बोलून सोडवायची असते. माझ्या काउंटरवर कुणी विचारलं तरी मी हेच सांगतो.

मराठी वाचकाच्या हाताशी आणखी एक सोय आहे. टिळकांच्या गीतारहस्यातलं सुखदुःखविवेकाचं प्रकरण शेजारी उघडून ठेवा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली छापलेल्या त्या ग्रंथात ते शोपेनहॉवरची दखल घेतात आणि संसारातलं दुःख मान्य करूनही कर्म सोडण्याचा निष्कर्ष नाकारतात. असा तोलामोलाचा प्रतिवाद आपल्याच भाषेत मिळतो.

आता धर्म. हा भाग शेवटी ठेवा, कारण इथं घाई केली की माणूस त्याला आपल्या बाजूला ओढतो. नास्तिक म्हणतो, आमचा. आस्तिक म्हणतो, उपनिषदं वाचायचा म्हणजे आमचा. उपनिषदं तो खरंच वाचायचा. दारा शुकोहनं १६५७ मध्ये फारसीत करवून घेतलेल्या भाषांतरावरून आंकेतील-दुपेराँ या फ्रेंच पंडितानं केलेली लॅटिन प्रत १८१४ साली जर्मनीतल्या वायमारच्या ग्रंथालयातून त्यानं आणली आणि पुढे लिहिलं की ती माझ्या जगण्याचा दिलासा आहे आणि मरणाचाही राहील. कुत्र्याचं नाव आत्मा ठेवलं होतं. पण ईश्वर त्यानं मानला नाही.

मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातलं १७ वं प्रकरण वाचा, म्हणजे त्याची धर्माकडे बघायची पट्टी कळेल. मरण आणि दुःख समोर असल्यामुळे माणसाला अर्थाची भूक लागतेच, आणि ज्यांना तत्त्वज्ञानाला वेळ नाही त्यांची ती भूक धर्म भागवतो. म्हणून धर्म म्हणजे लोकांचं तत्त्वज्ञान, रूपकात सांगितलेलं. देव एक की अनेक यावरून तो धर्मांची वर्गवारी करत नाही. जग जसं आहे तसं चांगलं आहे असं धर्म म्हणतो, की यातून सुटायला हवं असं म्हणतो, यावरून करतो. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध हे तिन्ही त्याच्या लेखी सुटका सांगणाऱ्यांच्या एकाच रांगेत बसतात. ही पट्टी मला आजही अचूक वाटते.

त्यानंतर ‘पारेर्गा’च्या दुसऱ्या खंडातला धर्मावरचा संवाद. हा एकट्यानं वाचू नका. दोन माणसं बसा, मोठ्यानं वाचा, मध्यावर भूमिका बदला. डेमोफेलीस धर्माची बाजू घेतो, फिलालेथीस सत्याची. डेमोफेलीस म्हणतो, सत्य पाण्यासारखं आहे, भांड्याशिवाय नेता येत नाही. फिलालेथीस म्हणतो, पण तुम्ही हे लहान पोरांच्या मनावर इतकं आधी ठसवता की पुढे त्यांना विचारच करता येत नाही.

मी हा संवाद वाचला तो दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या माझ्या मित्राबरोबर, दुकानाचं शटर अर्धं ओढून. त्याला मी मुद्दाम फिलालेथीस दिला. सुरुवातीला त्याचा आवाज अडखळत होता. लहान पोरांच्या जागी आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “हे खरंय रे. माझ्या पोरीनं प्रश्न विचारला की मी तिला गप्प करतो.” मला डेमोफेलीस वाचताना एक आजी आठवत होती. त्याच आठवड्यात ती चिठ्ठी घेऊन आली होती, आणि चिठ्ठीच्या घडीत अंगाऱ्याची पुडी. मी गोळ्यांची स्ट्रिप दिली, तिनं पुडी स्ट्रिपवर ठेवली, वरून रबर दोन वेढे घालून बसवलं, आणि मग पैसे मोजले. तिचं ते भांडं फोडायची माझी हिंमत झाली नसती.

संवादाच्या शेवटी डेमोफेलीस म्हणतो, धर्माला दोन तोंडं आहेत, ब्राह्मणांच्या यमासारखी, एक प्रेमळ आणि एक उग्र, आणि आपण दोघं एकेकाच तोंडाकडे बघत होतो. फिलालेथीस म्हणतो, बरोबर आहे. मित्रानं ते वाक्य वाचलं, पान परत उलटलं आणि म्हणाला, “चल, पहिल्यापासून. आता तू फिलालेथीस.”